पुसदचा कातळ, अगत्तीची वाळू

पुसदपासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर दूर आहे, आणि पूस नदीचे पाणीही त्या दिशेला कधी जात नाही; ते पैनगंगेत उतरते आणि पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे बदलत अखेर बंगालच्या उपसागराला मिळते. त्यामुळे अरबी समुद्रातील एखाद्या प्रवाळबेटाशी या तालुक्याचे काही नाते असेल, अशी शंका नकाशा पाहणाऱ्याच्या मनात येण्याचे कारण नाही. मात्र मुंबईहून लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझ जहाजांमुळे, वाशीम, हिंगोली किंवा नांदेडला जाऊन रेल्वे धरणाऱ्या पुसदकर कुटुंबालाही ही बेटे आता आवाक्यात आली आहेत, आणि पावसाळी वारे ओसरून समुद्र निवळण्याचा काळ नेमका दिवाळीच्या आसपासच येतो. अशा सफरीत तीन-चार दिवस जहाजावर जातात आणि प्रत्यक्ष बेटावर मिळतात ते जेमतेम पाच-सहा तास. ते कसे घालवावेत याचे सहलीच्या माहितीपत्रकातील उत्तर बहुधा पाण्यातल्या खेळांच्या यादीपाशी संपते. बेटाची घडण, तिथले पाणी आणि तिथली माणसे ध्यानात घेतली तर त्याच तासांत बरेच अधिक पाहता येते, आणि त्याची सुरुवात पुसदच्या टेकड्यांपासून करणे सोयीचे आहे.

या टेकड्यांचे उतार दुरून पाहिले तर ते सलग न उतरता पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेले दिसतात. दख्खनच्या या काळ्या कातळाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्द मूळ स्वीडिश भाषेतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे, आणि यातली प्रत्येक पायरी म्हणजे एकावर एक पसरत गेलेल्या लाव्हारसाचा एकेक थर होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून हा लाव्हा वाहिला, थंड होऊन बेसाल्ट खडक झाला, आणि त्याच खडकाची झीज होऊन कपाशीची काळी जमीन तयार झाली. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागात शिबला गावाजवळ याच लाव्ह्याचे षटकोनी खांब उघडे पडलेले आढळले आहेत. हा लाव्हा ज्या उगमातून आला त्याला ‘तप्तबिंदू’ म्हणतात. पृथ्वीच्या पोटात जिथून उष्ण द्रव्य सतत वर चढत राहते अशी ती जवळपास स्थिर जागा असते. शिवणयंत्राची सुई जागेवर असते आणि कापड पुढे सरकते, टाके मात्र कापडावर रांगेने उमटत जातात, तसेच इथे घडले: भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला, खालचा तप्तबिंदू जागीच राहिला, आणि लाव्ह्याचे टाके दख्खनपासून दक्षिणेकडे एका ओळीत पडत गेले. दख्खननंतर लक्षद्वीप, मग मालदीव, मग चागोस, पुढे मॉरिशस आणि सर्वांत शेवटी रियुनियन, जिथला ‘पितों द ला फुर्नेझ’ हा ज्वालामुखी आजही वरचेवर उफाळतो, अशी ही ओळ आहे. १९८७ मध्ये ‘जॉइडेस रेझोल्यूशन’ या संशोधन जहाजाने या ओळीवर समुद्रतळ खणून बेसाल्टचे नमुने वर काढले, तेव्हा मालदीवजवळचा खडक सुमारे ५.७ कोटी आणि चागोसजवळचा सुमारे ४.९ कोटी वर्षांचा निघाला. म्हणजे दक्षिणेकडे जावे तसा खडक तरुण होत जातो. लक्षद्वीपच्या तळाशी खंडीय खडकाचे तुकडेही अडकलेले असावेत असे काही भूशास्त्रज्ञ मानतात, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तरीही पुसदच्या टेकडीवरचा काळा धोंडा आणि लक्षद्वीपमधील अगत्ती बेटाच्या पांढऱ्या वाळूखाली खोल गाडला गेलेला ज्वालामुखी यांना एकाच भट्टीचे म्हणण्यास हरकत नाही.

काळ्या ज्वालामुखीवर पांढरे बेट कसे आले, याचे उत्तर चार्ल्स डार्विनने दिले. एप्रिल १८३६ मध्ये त्याला घेऊन निघालेले ‘बीगल’ जहाज हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर थांबले होते, आणि त्या थांब्याचा त्याने जो उपयोग केला तो पाहता, किनाऱ्यावरच्या काही दिवसांचे इतके मोल क्वचितच कोणा प्रवाशाने वसूल केले असेल. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने मांडलेली उपपत्ती अशी की, उष्ण समुद्रात ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रथम प्रवाळांची कड वाढते, पुढे ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात, आणि शेवटी मधला डोंगर पाण्याखाली गेल्यावर उरते ते केवळ प्रवाळांचे कडे. अशा बांगडीच्या आकाराच्या बेटाला कंकणद्वीप म्हणतात आणि त्याच्या पोटातील उथळ, शांत पाण्याला आपल्याकडील भूगोलाची पुस्तके ‘खाजण’ म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे, कारण कोकणात खाजण म्हटले की भरतीचे पाणी शिरणारी चिखलाची खारी जमीन डोळ्यांपुढे येते, आणि प्रवाळबेटाच्या खाजणात चिखलाचा मागमूस नसतो. लक्षद्वीपमध्ये अशी १२ कंकणद्वीपे असून एकंदर ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. सगळ्या बेटांची मिळून जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते, तर खाजणांचे क्षेत्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे, आणि नावातली ‘लक्ष’ बेटे मोजायला कोणी बसू नये हे वेगळे सांगायला नको.

या बेटांवर जाण्याच्या वाटा दोन. पहिली मुंबईहून: सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले जहाज या किनाऱ्यावर फिरू लागले आणि अगत्ती हे त्याच्या थांब्यांपैकी एक झाले. ज्या बॅलार्ड पिअरवरून एके काळी विलायतेच्या आगबोटी सुटत, तिथूनच हा प्रवास सुरू होतो. मुंबई आणि अगत्ती यांच्या रेखांशांत एका अंशाचाही फरक नाही. जहाज जवळपास नाकासमोर दक्षिणेला जाते, आठ अक्षांश म्हणजे सुमारे ९०० किलोमीटर अंतर कापते, आणि त्यात एक संपूर्ण दिवस पाण्याखेरीज काही दिसत नाही. दुसरी वाट कोचीहून: लक्षद्वीप प्रशासनाने १९८२ मध्ये स्थापन केलेली ‘स्पोर्ट्स’ ही पर्यटन संस्था ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सफर चालवते, जिच्यात सुमारे ७०० प्रवासी नेणारे ‘कवरत्ती’ हे जहाज रात्रभर चालते, सकाळी बेटासमोर थांबते, प्रवासी दिवस बेटावर काढतात आणि संध्याकाळी झोपायला जहाजावर परततात. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे त्यात होतात. या सरकारी जहाजावर झगमगाट नाही आणि जेवणाचेही फार कौतुक करण्यासारखे काही नाही, पण ज्याला बेटे पाहायची आहेत त्याने दुसरी वाट धरावी हे उघड आहे. मुंबईची क्रूझ ही मुख्यतः तरंगत्या हॉटेलातील सुट्टी असून बेट हे तिला जोडलेले परिशिष्ट असते. वाट कोणतीही असली तरी १९६७ च्या प्रवेशनिर्बंध नियमांनुसार भारतीय नागरिकालाही इथे प्रवेशासाठी परवाना लागतो, जो सहसा सफर चालवणारी संस्थाच काढून देते, आणि बंगारम बेटाचा अपवाद सोडला तर सर्व बेटांवर दारूबंदी असल्याने जहाजावरच्या बारमधील बाटली पिशवीत घालून किनाऱ्यावर उतरता येत नाही.

जहाज बेटाला लागत नाही, ही गोष्ट धरणाच्या काठावरून बोटीत बसणाऱ्या माणसाला प्रथम चमत्कारिक वाटते. खाजणाची खोली काही मीटरच असते आणि त्याभोवती प्रवाळांची भिंत उभी असते, त्यामुळे मोठे जहाज भिंतीबाहेर खोल पाण्यात उभे राहते आणि तिथून लहान बोटींनी, ज्यांना जहाजी भाषेत ‘टेंडर’ म्हणतात, प्रवाशांना ने-आण करावी लागते. जहाजाच्या कुशीत, पाण्यापासून थोड्याच उंचीवर एक दार उघडते. त्याच्याखाली बोट लाटेबरोबर कधी गुडघाभर, कधी पुरुषभर वरखाली होत असते. दारात उभे असलेले दोन खलाशी प्रवाशाला दंडाला धरून थोपवतात, बोट वर चढून क्षणभर स्थिरावली की पुढे करतात, आणि खालचे दोघे त्याला झेलल्यासारखे उतरवून घेतात. या वेळी हातात पिशवी, मोबाइल किंवा पाण्याची बाटली धरणे हा सर्वांत मोठा प्रमाद, कारण दोन्ही हात मोकळे असलेल्या माणसाला खलाशी सहज सांभाळतात. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांनी हे आधी विचारून ठेवावे. वारा वाढला तर कप्तान उतरण्याचा बेत रद्द करतो, आणि मग शेकडो मैल येऊन बेट डेकवरूनच पाहावे लागते. तो त्याचा अधिकार आहे आणि त्यावर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पर्यटनाच्या सफरी बंद असतात त्याचे कारणही हेच, की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत या दारातून कोणाला उतरवणे शक्य नसते.

बोट भिंतीकडे निघाली की पाण्याचा रंग दोनदा बदलतो. बाहेरचे पाणी गडद निळे, जवळपास शाईसारखे असते. मग लाटा फुटण्याची पांढरी रेघ येते. त्या रेघेत जिथे फेस नाही तिथे भिंतीला खिंड असते, आणि बोट तिथून आत शिरताच पाणी फिकट हिरवे होऊन तळाची वाळू दिसू लागते. ही खिंड ध्यानात ठेवावी, कारण दिवसभरातला सर्वांत मोठा धोका तिथेच असतो. भरतीला भिंतीवरून आत आलेले पाणी ओहोटीच्या वेळी मुख्यतः या खिंडीतूनच बाहेर पडते आणि तिथे नदीसारखी ओढ तयार होते. गावच्या नदीत किंवा धरणात पोहायला शिकलेल्या माणसाला पाण्याची ओढ काठावरून ओळखता येते असे वाटत असते, पण खाजणाच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ती दिसत नाही. लाइफ जॅकेट घालणे आणि स्थानिक बोटवाल्याने दाखवलेल्या हद्दीच्या आत राहणे, एवढेच त्यावरचे उत्तर आहे.

दुसरी फसगत उन्हाची. मे महिन्यात ४५ अंशांत डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर न पडणारा वैदर्भीय माणूस बेटावरच्या ३१-३२ अंशांना ऊन समजतच नाही, शिवाय वारा सतत वाहत असतो. पण भाजण्याचा संबंध हवेच्या तापमानाशी नसून सूर्याच्या अतिनील किरणांशी असतो, आणि इथे ते वरून येतात तसेच पांढऱ्या वाळूवरून व पाण्यावरूनही परततात. विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेदहा-अकरा अंशांवरच्या या बेटांवर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे पुसदच्या शून्य सावलीच्या दिवसाच्या महिनाभर आधीच, सूर्य नेमका डोक्यावर येतो. स्नॉर्केलिंग म्हणजे तोंडात नळी व डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून पालथे तरंगत तळ पाहणे. त्यात तासभर पाठ उघडी राहिली तर त्या रात्री उताणे झोपता येत नाही. यासाठी अंगाला लावण्याच्या मलमांपेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा बरा, कारण अनेक मलमांत असणारे ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळांना घातक ठरते. पॅसिफिकमधील पलाऊ देशाने २०२० पासून अशा मलमांवर बंदीच घातली आहे.

पाण्याखाली पाहायचे काय, हा प्रश्न राहतोच. सराफाच्या दुकानात मंगळाच्या अंगठीत बसवले जाणारे लाल पोवळे आणि खाजणातील प्रवाळ हे एकाच मोठ्या कुळातले खरे, पण पोवळे भूमध्य समुद्रासारख्या पाण्यात, बऱ्याच खोलीवर वाढते आणि भिंती बांधत नाही. भिंत बांधणारा प्रवाळ हा मुगाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहूनही लहान मऊ प्राण्यांचा समूह असतो. प्रत्येक प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती वाटीसारखे घर करतो, आणि त्याच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवतात. प्रवाळाचे रंग मुख्यतः या शैवालांमुळे असतात. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी काही आठवडे अधिक तापले तरी प्राणी आपल्या शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा फटक पडतो. याला विरंजन म्हणतात, आणि असा पांढरा प्रवाळ मेलेला नसला तरी उपाशी असतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये मोठे विरंजन झाले. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या शास्त्रज्ञांनी १९९८ पासून सुमारे दोन तपे केलेल्या निरीक्षणांत इथल्या जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले आहे. तेव्हा काचेच्या तळाच्या बोटीतून पाहताना करड्या, शेवाळलेल्या फांद्यांचे ढीग दिसले तर बोटवाल्याने भलतीकडे आणले असे समजू नये. तोही बेटाचा खरा चेहराच आहे.

पायाखालची वाळू तर याहून गमतीची आहे. नदीची वाळू म्हणजे खडकाचा चुरा, पण या बेटावर नदी नाही आणि वर कुठे खडकही नाही. इथली वाळू प्रवाळ, शिंपले आणि चुनखडी शैवाले यांचा भुगा असून तिचा मोठा वाटा पोपटमाशाने तयार केलेला असतो. पोपटाच्या चोचीसारखे दात असलेला हा मासा प्रवाळावरील शेवाळ खरवडून खातो, बरोबर आलेला चुना घशातल्या दातांनी दळतो, आणि उरलेली पूड मागे सोडून देतो. मुखवटा लावून दहा मिनिटे स्थिर राहिले तर त्याच्या खरवडण्याचा करकर आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येतो, आणि थोड्याच वेळात त्याच्यामागे पांढऱ्या धुळीचा लोट उठलेलाही दिसतो. प्रेमी युगुले ज्या वाळूवर नावे लिहितात ती बव्हंशी माशाची विष्ठा आहे, ही माहिती सहलीच्या पत्रकांत नसते हे ठीकच. एवढे मात्र लक्षात ठेवावे की जिवंत प्रवाळावर पाय देणे म्हणजे शेकडो प्राणी चिरडणे होय, आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

पण पुसदच्या वाचकाने या बेटावर सर्वांत आधी जाऊन पाहावी अशी जागा पाण्यात नसून घराच्या आवारात आहे, ती म्हणजे विहीर. चारी बाजूंनी खारे पाणी, जमीन समुद्रापासून जेमतेम एक-दोन मीटर उंच, ओढा नाही, तळे नाही, आणि तरीही चार-पाच हातांवर गोडे पाणी लागते. वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर पडणारा पाऊस सच्छिद्र वाळूतून सरळ खाली झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने त्यावर तरंगत राहतो. या गोड्या पाण्याच्या साठ्याचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, मधे जाड आणि कडेला पातळ असतो. त्याचे गणित असे की गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर जेवढी असते त्याच्या सुमारे ४० पट गोडे पाणी समुद्रपातळीखाली असते; हिशेबाने पाहता वरची पातळी वीतभर खाली ओढली की खालून खारे पाणी कैक मीटर वर चढण्याच्या बेतात येते. म्हणून इथे बादलीने शेंदलेली विहीर गोडी राहते आणि पंप बसवलेली मचूळ होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे, त्या अकोला-अमरावतीकडच्या लोकांना हे सांगावे लागणार नाही, आणि पुसदला तर पाण्याच्या हिशेबाची वेगळी परंपरा आहे. या गावच्या सुधाकरराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातच, १९९२ मध्ये, महाराष्ट्रात जलसंधारणाचे स्वतंत्र खाते निघाले. डोंगरउतारावर पाणी अडवून जिरवणे आणि बेटावर जिरलेले पाणी न उपसणे ही एकाच विद्येची दोन टोके आहेत. वाढत्या गरजेसाठी कवरत्तीत २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. त्यात समुद्राचे वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफ केले जाते आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून नळाने आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाणी केली जाते. प्रवाशाने अंगावरचे मीठ धुण्यासाठी शॉवरखाली पंधरा मिनिटे उभे राहताना ते पाणी कोठून आले याचा अंदाज असलेला बरा.

बेटावर माणसे किती, तर २०११ च्या जनगणनेत साऱ्या लक्षद्वीपमध्ये सुमारे साडेचौसष्ट हजार आणि अगत्तीत सुमारे साडेसात हजार. एकट्या पुसद शहरात साऱ्या लक्षद्वीपहून अधिक लोक राहतात. लोकसंख्या जवळजवळ संपूर्ण मुस्लिम आहे, बहुतेकांना अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, आणि ‘तरवाड’ या मातृवंशीय कुळांतून मालमत्ता आईकडून लेकीकडे जाण्याची रीत अजून टिकून आहे. इस्लाम आणि मातृवंश यांचा असा मेळ जगात फार थोड्या ठिकाणी आढळतो. भाषा मलयाळमची एक बोली. मिनिकॉय मात्र वेगळे: तिथे मालदीवच्या भाषेचीच बोली असलेली महल बोलली जाते, तिची लिपी उजवीकडून डावीकडे चालते, तिथले अनेक पुरुष पिढ्यान्‌पिढ्या परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून राबत आले आहेत, आणि १८८५ साली ब्रिटिशांनी बांधलेल्या दीपगृहाच्या माथ्यावरून त्या बेटाची बांगडी एका नजरेत दिसते. कंकणद्वीप म्हणजे काय हे वर्गात कितीही समजावले तरी त्या गॅलरीतल्या एका मिनिटाची सर त्याला येणार नाही. कवरत्तीत उतरणाऱ्याने उज्रा मशिदीचे लाकडी कोरीव छत पाहावे. मात्र पोहण्याच्या कपड्यांत वस्तीतून फिरू नये, आणि बायाबापड्यांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत, जशी ती पुसदच्या आठवडी बाजारातही कोणी काढलेली रुचणार नाहीत.

जेवणात भात, नारळ आणि ट्यूना मासा. इथले कोळी ट्यूना जाळ्याने धरत नाहीत; खाजणातले बारीक मासे जिवंत धरून बाहेर समुद्रात फेकतात, बोटीच्या कडेने पाण्याचे फवारे उडवून पृष्ठभाग खळबळता ठेवतात, आणि वेडावून वर आलेला एकेक मासा काठी-गळाने उचलून मागे टाकतात. उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवलेला हाच मासा ‘मास’ या नावाने महिनोन्‌महिने टिकतो आणि लाकडासारखा टणक होतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, परंतु भाजीपाला, कांदा, डाळ, सारे काही जहाजाने मुख्य भूमीवरून येते, हे ताटातल्या दोन फोडी टाकून देण्यापूर्वी आठवावे. परतीच्या जहाजाने कचरा फारसा जात नाही, त्यामुळे प्लॅस्टिकची पिशवी ज्याने आणली त्यानेच परत न्यावी.

अशा चिमुकल्या जागेत एका वेळी हजारभर माणसे उतरवणे कितपत शहाणपणाचे, हा प्रश्न फक्त लक्षद्वीपचा नाही. पॅसिफिकमधील बोराबोरा या जगप्रसिद्ध खाजणबेटाने २०२२ पासून क्रूझने येणाऱ्यांची संख्या दिवसाला १,२०० वर रोखली आहे. लक्षद्वीपमध्ये परवाना पद्धती हीच आजवर अशा रोखण्याचे काम करीत आली, आणि तिला केवळ लालफीत म्हणून नावे ठेवणारे बंगारमजवळच्या पराली-१ बेटाकडे पाहत नाहीत. निर्जन असलेले ते लहानसे बेट पूर्णपणे धुपून गेल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. बेट धुपण्यामागे पर्यटक नाहीत हे खरे, पण जी जमीन जिवंत भिंतीच्या आडोशाने उभी आहे तिची भिंत आजारी असताना गर्दी वाढवावी काय, हा विचार यजमानाइतकाच पाहुण्यालाही करता येतो.

लाव्ह्याच्या त्याच ओळीत आणखी दक्षिणेला मराठी माणूस पर्यटक म्हणून नव्हे तर मजूर म्हणून उतरला होता. २ नोव्हेंबर १८३४ पासून मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजूर येऊ लागले आणि पुढच्या दशकांत मुंबई बंदरातून कोकण व घाटमाथ्यावरचे मराठी लोकही त्यांत गेले. पोर्ट लुईच्या बंदरात ते ज्या दगडी पायऱ्या चढून वर आले, त्या १६ पायऱ्या ‘आप्रवासी घाट’ म्हणून जपलेल्या आहेत, २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे, आणि आज त्याच बंदरात क्रूझ जहाजे लागत असल्याने दिवसभराच्या थांब्यात तिथे जाऊन येणे सहज जमते. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते, आणि बेटाला बहुतेक बाजूंनी प्रवाळांची भिंत असल्यामुळे किनाऱ्यावर होणारे गणपतीचे विसर्जन खाजणातच होते: भिंतीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज दूर, गुडघाभर संथ पाणी, आणि त्यात उभे राहून मराठी आरती म्हणणारी, घरी क्रिओल बोलणारी पाचव्या-सहाव्या पिढीतली मुले.

अगत्तीवरची शेवटची बोट दुपार कलण्याच्या सुमारास सुटते. ओहोटी लागली असेल तर बोटवाला सरळ न जाता वळसा घेतो, कारण सकाळी जिथे कमरेइतके पाणी होते तिथे आता प्रवाळांची डोकी उघडी पडलेली असतात. खिंडीत बोट एकदा जोराने हेलकावते, शाईचा निळा रंग परत येतो, आणि जहाजाच्या कुशीतले दार पुन्हा वरखाली होऊ लागते. चढताना नियम उतरण्याचाच, हात मोकळे आणि नजर खलाशावर. त्यानंतर जहाज उत्तरेला वळते. मुंबईच्या वाटेवर, विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, महाराष्ट्राच्या समोरच एक मोठे प्रवाळक्षेत्र पाण्याखाली आहे; कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्याला ‘आंग्रिया बँक’ म्हणतात, आणि २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या ‘आंग्रिया’ या क्रूझ जहाजाचे नावही तेच होते. त्याचा माथा समुद्रसपाटीखाली साधारण वीस मीटरांवर असल्याने तिथे ना वाळू आहे, ना माड, ना उतरण्याची सोय. जहाज त्याच्या आसपासच्या पाण्यातून जाते तेव्हा ध्वनिक्षेपकावरून कसलीही सूचना होत नाही, आणि बहुतेक प्रवासी त्या वेळी जेवणाच्या रांगेत असतात.